कोलिस्टिन आमच्या डिस्कवर १३ मिमी, पुण्याच्या रिपोर्टात रेझिस्टंट. कोणाचं धरायचं?

बार्शीची_लॅब

नमस्कार. मी बार्शीत एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डीएमएलटी झालेली. गावातल्या नर्सिंग होमचे कल्चर आमच्याकडे येतात. हल्ली आयसीयूचे सॅम्पल वाढलेत आणि त्यात क्लेब्सिएला हा जंतू निघाला की पोटात गोळाच येतो, कारण प्लेटवरच्या निम्म्या औषधांच्या डिस्कला झोनच (भोवतीची वाढ नसलेली जागा) नसतो.

मागे व्हेंटिलेटरवरच्या एका आजोबांचा नळीतून काढलेला कफ आला होता. क्लेब्सिएला न्यूमोनी शुद्ध वाढला. मेरोपेनेमला २२ मिमी आले, म्हणून I (मधला) दिला. कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या १० मायक्रोग्रॅमच्या डिस्कभोवती १३ मिमी. डिस्कसोबतच्या जुन्या तक्त्यात ११ किंवा जास्त म्हणजे सेन्सिटिव्ह, त्यामुळे रिपोर्टवर S गेला. डॉक्टरांनी तेच कल्चर, आमच्याच प्लेटवरचं, पुण्याला पाठवायला सांगितलं. तिकडून मेरोपेनेम एमआयसी (वाढ थांबवणारं सगळ्यात कमी औषध, मिलीला मायक्रोग्रॅममध्ये) ४, R, आणि कोलिस्टिन एमआयसी ८, R असा रिपोर्ट आला. खाली 'ब्रॉथ मायक्रोडायल्युशन' असं लिहिलेलं आहे, म्हणजे अगारऐवजी ब्रॉथच्या छोट्या खळग्यांत औषध दुपटीने वाढवत केलेली तपासणी.

जंतू एक आणि रिपोर्ट दोन. डॉक्टर विचारतात तुमच्या लॅबवर विश्वास ठेवायचा की नाही. मालक म्हणतात, पुण्याचे लोक सगळंच R देतात, आपण कोलिस्टिन काढलं तर डॉक्टर दुसरीकडे जातील. कंट्रोल स्ट्रेन (ज्याचे आकडे आधीच ठरलेले असतात तो जंतू) आमच्याकडे आहे, ई. कोलाय २५९२२, पण तो मी आठवड्यातून एकदा लावते तेवढाच, आणि कोलिस्टिनला तर कधी लावलेलाच नाही, कारण त्याची रेंज तक्त्यात सापडत नाही. मला नक्की काय बरोबर ते समजून घ्यायचंय. मशीन घेणं आमच्या आवाक्यात नाही.

---

पेट्रीडिश

ताई, मी एका वैद्यकीय महाविद्यालयात मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि रोजचे सेन्सिटिव्हिटीचे रिपोर्टही सही करते. तुमच्या प्रश्नात दोन वेगळी प्रकरणं आहेत. कोलिस्टिनच्या बाबतीत पुण्याचा रिपोर्ट धरायचा. मेरोपेनेमच्या बाबतीत तुमचं आणि त्यांचं, दोघांचंही बरोबर आहे.

आधी कोलिस्टिन. हे औषध म्हणजे मोठा, धन भाराचा पॉलिपेप्टाइड. अगारमध्ये ऋण भाराचे गट असतात, ते त्याला धरून ठेवतात. सिप्रो किंवा जेंटा डिस्कमधून निघून अगारमध्ये छान पसरतात. कोलिस्टिन डिस्कच्या आसपासच घुटमळतं. म्हणून झोन छोटाच येतो, जंतू सेन्सिटिव्ह असो की रेझिस्टंट. आमच्या विद्यार्थ्यांना मी दोन प्लेट शेजारी ठेवून पट्टीने मोजायला लावते. एका क्लेब्सिएलाची ब्रॉथमधली एमआयसी ०.५, दुसऱ्याची १६. झोन १३ आणि १२. पट्टी थोडी तिरकी धरली तरी तेवढा फरक पडतो. या दोघांच्या मध्ये रेघ कुठे मारणार? तुमचे १३ मिमी तुम्ही नीटच मोजले असतील, पण त्या आकड्याला काही अर्थच नाही.

या तपासण्यांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सीएलएसआय आणि युरोपच्या युकॅस्ट यांच्या संयुक्त गटाने २०१६ साली स्पष्ट सांगितलं की कोलिस्टिनची एमआयसी ब्रॉथ मायक्रोडायल्युशननेच काढायची. डिस्क नको आणि एमआयसीची स्ट्रिपही नको, कारण स्ट्रिपमध्येही औषध अगारमधूनच पसरावं लागतं. तुमच्या तक्त्यातला '११ आणि वर' हा आकडा जुना, तोही सुडोमोनासचा. तो आता काढून टाकलेला आहे. जिथे कंट्रोलची रेंजच नाही, ती डिस्क रिपोर्टसाठी लावायची नाही हा साधा नियम धरा.

आणखी एक. २०२० पासून सीएलएसआयने क्लेब्सिएला, ई. कोलाय, सुडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टरसाठी कोलिस्टिनचा S हा वर्गच ठेवलेला नाही. एमआयसी २ किंवा कमी असेल तर I, ४ किंवा जास्त असेल तर R. इतकंच. सीएलएसआयप्रमाणे काम करतो म्हणणाऱ्या लॅबच्या रिपोर्टवर कोलिस्टिनपुढे S दिसला तर पद्धत कोणती वापरली हे विचारायचीही गरज नाही. आणि प्रोटियस, मॉर्गेनेला, प्रॉव्हिडेन्सिया, सेरेशिया हे तर कोलिस्टिनला जन्मजात रेझिस्टंट. त्यांच्यापुढे S छापलेला रिपोर्ट मी पाहिलाय, तेव्हा फार वाईट वाटलं होतं, कारण पेशंटला ते औषध सुरूही झालेलं होतं.

आता 'पुण्याचे लोक सगळंच R देतात' याबद्दल. लॅबच्या चुका दोन प्रकारच्या. जंतू सेन्सिटिव्ह आहे आणि आपण R दिला, ती मेजर एरर. जंतू रेझिस्टंट आहे आणि आपण S दिला, ती व्हेरी मेजर एरर. पहिलीत पेशंटला विनाकारण महाग, वरचं औषध मिळतं. दुसरीत जे चालणारच नाही ते औषध चालू राहतं आणि ते दोन-तीन दिवस परत येत नाहीत. नवीन पद्धत मान्य करताना व्हेरी मेजर एरर ३ टक्क्यांच्या आत असावी लागते. कोलिस्टिनच्या डिस्कला हे जमत नाही आणि ती चुकते ती नेमकी याच बाजूला.

मेरोपेनेमची गोष्ट वेगळी. सीएलएसआयप्रमाणे २३ किंवा वर S, २० ते २२ I, १९ किंवा खाली R. एमआयसीत १ पर्यंत S, २ ला I, ४ पासून R. ब्रॉथची पद्धत १, २, ४, ८ अशी दुपटीने चढते आणि एकच जंतू, एकाच लॅबमध्ये, त्याच माणसाने पुन्हा लावला तरी एक खळगा, म्हणजे दुपटीची एक पायरी, इकडेतिकडे होणं हे पद्धतीतच गृहीत धरलेलं आहे. म्हणजे आज ४ आलेला उद्या २ येऊ शकतो. तुमचा २२ मिमी आणि त्यांचा ४ यात जेमतेम एका खळग्याचं अंतर आहे. गंमत म्हणजे युकॅस्टप्रमाणे ८ च्या वर गेलं तरच R, म्हणजे पुण्याचाच ४ युरोपात I झाला असता. म्हणून रिपोर्टच्या तळाशी कोणतं मानक आणि कोणत्या वर्षाचं हे लिहायलाच हवं. आपल्याकडे बऱ्याच रिपोर्टवर ते नसतं.

पण तेवढ्यावर सोडू नका. क्लेब्सिएला आणि मेरोपेनेम काठावर, हे दिसलं की मला ओएक्सए-४८ च्या कुळातल्या एन्झाइमचा संशय येतो. भारतात ती क्लेब्सिएलात भरपूर आहेत, आणि ती मेरोपेनेम हळूहळू मोडतात, त्यामुळे झोन फार लहान न होता काठावर रेंगाळतो. एमसीआयएम करा, जंतू मेरोपेनेम मोडतो का ते दाखवणारी तपासणी. २ मिली ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये १ मायक्रोलिटरचा लूपभर क्लेब्सिएला, त्यात मेरोपेनेमची १० मायक्रोग्रॅमची डिस्क, ३५ अंशांवर चार तास. मग डिस्क काढून, लूपने नळीच्या कडेला दाबून निथळायची आणि २५९२२ च्या ताज्या लॉनवर (तो जंतू प्लेटभर पसरून) ठेवायची. दुसऱ्या दिवशी झोन ६ ते १५ मिमी असेल तर एन्झाइमने औषध खाल्लं. १९ किंवा जास्त असेल तर नाही. १६ ते १८ च्या झोनमध्ये बारीक वसाहती दिसल्या तर तोही पॉझिटिव्ह; वसाहतींशिवाय १६ ते १८, किंवा १९ च्या वर पण आत वसाहती, तर निकाल अनिश्चित. यात मशीन कुठेही नाही.

---

चंद्रपूर_टेक्निशियन

मॅडमनी कोलिस्टिनचं सांगितलं ते अगदी बरोबर. मी फक्त रोजच्या डिस्कबद्दल लिहितो, कारण बार्शी काय नि चंद्रपूर काय, उन्हाळा सारखाच.

आमच्याकडे मे महिन्यात लॅबमध्येच ४० च्या वर जातं. इन्क्युबेटर गरम करू शकतो, थंड करू शकत नाही हे मालकांना पटवायला फार वेळ गेला. स्टॅफिलोकोकसच्या सेफॉक्सिटिन डिस्कला ३५ च्या वर तापमान गेलं की एमआरएसए (मेथिसिलिनला रेझिस्टंट स्टॅफ) सुटतो. झोन मोठा येतो, आपण खुशाल S देतो. दुपारी वीज गेली की नोंदवहीत वेळ लिहून ठेवा, आणि इन्क्युबेटरच्या आत वेगळा थर्मामीटर ठेवा, दारावरच्या आकड्यावर विसंबू नका.

दुसरं, अगारची जाडी. ४ मिमी पाहिजे. ९० मिमीच्या प्लेटला साधारण २५ मिली. आमच्याकडे आधी डोळ्याने ओतायचे, एका बॅचला जाड, दुसरीला पातळ. पातळ झाली की सगळे झोन फुगतात. आता मी मेजरिंग सिलिंडरने ओततो आणि टेबल सपाट आहे का ते पाण्याच्या लेव्हलने बघतो. प्रत्येक बॅचची एक प्लेट कापून पट्टीने जाडी मोजतो.

तिसरं, मॅकफारलंड, म्हणजे जंतूंच्या द्रावणाचा गढूळपणा मोजायचं माप. ०.५ म्हणजे मिलीलिटरला साधारण १० ते २० कोटी जंतू. नजरेने 'थोडं गढूळ' करायचं नाही. १ टक्का सल्फ्युरिक ॲसिड ९९.५ मिली आणि १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.५ मिली, झालं स्टँडर्ड. पांढऱ्या कार्डावर काळ्या रेघा मारून त्यासमोर दोन्ही नळ्या धरायच्या, वापरायच्या आधी स्टँडर्ड हलवून घ्यायचं, साका तळाशी बसतो. इनोक्युलम दाट झालं की झोन लहान, पातळ झालं की मोठा. स्वॅब पंधरा मिनिटांत फिरवायचा, लॉन झाल्यावर पंधरा मिनिटांत डिस्क, मग लगेच इन्क्युबेटर. आमच्याकडे सॅम्पलची गर्दी असते तेव्हा इथेच घोळ होतो, डिस्क लावलेल्या प्लेट टेबलावर तासभर पडून राहतात.

डिस्कच्या डब्या. वापरातली फ्रिजमध्ये सिलिका जेलसह, बाकीच्या फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं. क्लॅव्ह्युलानिक ॲसिडच्या आणि इमिपेनेमच्या डिस्क ओलाव्याने सगळ्यात आधी मरतात.

आणि २५९२२ आठवड्यातून एकदा लावता हे चांगलंच आहे, पण नवीन मीडिया किंवा नवीन डिस्क उघडली की त्या दिवशीही लावा. जेंटामायसिन १९ ते २६ आत आला पाहिजे. आकडे वहीत एका खाली एक लिहा. मी तेच करतो. एखादं औषध रेंजच्या आत असूनही रोज मिलिमीटर-मिलिमीटर खाली सरकायला लागलं की कळतं डबी चालली किंवा मीडिया बदललाय.

---

बार्शीची_लॅब

दोघांचेही मनापासून आभार. प्लेटची जाडी आजच मोजली, ३ मिमीच भरली. उद्यापासून सिलिंडर.

आता अडचण अशी की कोलिस्टिन रिपोर्टवरून काढायला मालक तयार नाहीत. डॉक्टरांना कोलिस्टिन हवंच असतं, कारण बाकी काही उरलेलं नसतं. ९६ खळग्यांच्या प्लेट आणि पावडर घेणं आम्हाला झेपणारं नाही. आणि डिस्कची नवी डबी नुकतीच आलीय.

---

आयसीयू_डॉक्टर

मी दुसऱ्या टोकाला बसणारा माणूस आहे, तुमचा रिपोर्ट वाचून औषध लिहिणारा. तुमच्या मालकांना माझ्यातर्फे सांगा: कोलिस्टिनपुढे जागा मोकळी असेल तर मी फोन करून विचारीन. तिथे S असेल तर विचारणार नाही, औषध सुरू करीन. कोलिस्टिनने मूत्रपिंड बिघडतं, डायलिसिसपर्यंत जातं. जे औषध त्या जंतूवर चालणारच नाही त्यासाठी ही किंमत पेशंटने का मोजायची? त्यात तुमचे आजोबा व्हेंटिलेटरवर, आजार फुप्फुसाचा. शिरेतून दिलेलं कोलिस्टिन फुप्फुसात पुरेसं पोचत नाही, सेन्सिटिव्ह जंतूवरही भरवसा नसतो. सीएलएसआयने S काढला त्यामागे हेही एक कारण आहे.

चाचणीची पद्धत किती फरक पाडते याचं एक उदाहरण मी आमच्या रेसिडेंटना नेहमी देतो. मेरिनो नावाची ट्रायल, २०१८ साली प्रसिद्ध झाली. रक्तात सेफ्ट्रायॅक्सोनला रेझिस्टंट ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला, पण पायपरासिलिन-टाझोबॅक्टमला सेन्सिटिव्ह, अशा पेशंटमध्ये पायपरासिलिन-टाझोबॅक्टम आणि मेरोपेनेम यांची तुलना. तीस दिवसांत पहिल्या गटात १२.३ टक्के मृत्यू, मेरोपेनेमच्या गटात ३.७ टक्के. जगभरच्या डॉक्टरांनी औषध बदललं. नंतर तेच जंतू ब्रॉथ मायक्रोडायल्युशनने पुन्हा तपासले तेव्हा कळलं की 'सेन्सिटिव्ह' म्हणून घेतलेले बरेच जंतू मुळात सेन्सिटिव्ह नव्हतेच. ते वगळल्यावर दोन गटांतला फरक कमी झाला. इतक्या मोठ्या रुग्णालयांत, इतक्या काळजीने केलेल्या कामात हे होतं. म्हणून रिपोर्टवर पद्धत लिहा, ताई. आम्हाला ती वाचायची सवय नसेल तर आम्ही लावून घेऊ.

---

पेट्रीडिश

ताई, नवी डबी टाकून देऊ नका. तीच डिस्क प्लेटवर न ठेवता नळीत टाकायची. कोलिस्टिन ब्रॉथ डिस्क एल्युशन म्हणतात. क्लेब्सिएला, ई. कोलाय आणि सुडोमोनाससाठी सीएलएसआयला मान्य आहे. ॲसिनेटोबॅक्टरला लावू नका, तो पुण्यालाच पाठवा.

फिरकीच्या झाकणाच्या चार काचेच्या नळ्या. प्रत्येकीत १० मिली कॅटायन-ॲडजस्टेड म्युलर-हिंटन ब्रॉथ, साधा नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियम मोजून घातलेला. पहिलीत डिस्क नाही, दुसरीत एक, तिसरीत दोन, चौथीत चार. १० मिलीत १० मायक्रोग्रॅमची एक डिस्क म्हणजे मिलीला १ मायक्रोग्रॅम. अशा झाल्या ०, १, २ आणि ४ च्या नळ्या. हलकेच हलवून अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवा, तासाच्या वर नको. मग ०.५ मॅकफारलंडचं ५० मायक्रोलिटर प्रत्येकीत. झाकण किंचित सैल, ३५ अंशांवर १६ ते २० तास. ज्या सगळ्यात कमी नळीत वाढ नाही ती एमआयसी. ०ची नळी गढूळ झालीच पाहिजे, नाहीतर वाचू नका.

कंट्रोलला २५९२२ तर हवाच, शिवाय एनसीटीसी १३८४६ मागवा. तो एमसीआर-१ हा कोलिस्टिनला रेझिस्टंट करणारा जीन असलेला ई. कोलाय आहे. हा जीन २०१५ च्या अखेरीस चीनमधून पहिल्यांदा कळला, डुकरांत आणि माणसांत, आणि प्लाझ्मिडवर बसून एका जंतूतून दुसऱ्यात जातो म्हणून जगभर धावपळ झाली. आपल्या सरकारनेही २०१९ मध्ये कोंबड्या, मासे आणि खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन द्यायला बंदी घातली. मला तो निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. तर त्या स्ट्रेनची एमआयसी ४ यायला हवी, क्वचित २ किंवा ८. नुसता सेन्सिटिव्ह कंट्रोल लावून रेझिस्टंट ओळखता येतो की नाही हे कसं कळणार?

रिपोर्टवर मालकांना पटेल असं वाक्य घाला: 'कोलिस्टिन: डिस्क पद्धतीने तपासले जात नाही. ब्रॉथ पद्धतीने करून मिळेल, एक दिवस अधिक लागेल.' यात काम नाकारलेलं नाही, उलट वाढवलंय. पैसेही वेगळे लावता येतील.

---

बार्शीची_लॅब

कळवायला उशीर झाला, ब्रॉथ यायला वेळ लागला. आजोबांचं कल्चर मी स्लँटवर राखून ठेवलं होतं, ते लावलं. चारही नळ्या गढूळ. २५९२२ च्या फक्त ०च्या नळीत वाढ. १३८४६ ची ऑर्डर दिलीय. एमसीआयएममध्ये झोन ११ मिमी आला.

मालकांना चारही नळ्या खिडकीत उजेडासमोर धरून दाखवल्या आणि शेजारी १३ मिमीची प्लेट ठेवली. ते बराच वेळ बघत होते. वाक्य रिपोर्टवर घालायला हो म्हणालेत.

---

पेट्रीडिश

छान केलंत. चार डिस्कची नळी फेकण्याआधी त्यातलं एक लूप मॅक्कॉन्की अगारच्या प्लेटवर स्ट्रीक करा. चारही गढूळ आल्या की आधी शंका घ्यायची ती भेसळीची, प्रोटियसची एखादी वसाहत मिसळली असली तरी चौथी नळी गढूळ होतेच. गुलाबी, चिकट, एकसारखा क्लेब्सिएलाच वाढला तर एमआयसी '४ पेक्षा जास्त' असं लिहा, ८ नका लिहू, कारण ८ ची नळी तुम्ही लावलेली नाही. आणि एमसीआयएमचा निकाल डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, छापील रिपोर्टची वाट बघू नका. आजोबांच्या शेजारच्या खाटेवर कोण आहे तेही विचारा.